मंडईवरचं उसनं नाव

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. कॉम्प्युटर सायन्समध्ये खरोखर अवघड अशा गोष्टी दोनच, आणि त्यातली एक म्हणजे नावं ठेवणं. नव्याने रुजू झालेल्या पोरापोरींना यात काही विशेष वाटत नाही. कोडमध्ये 'टेम्प', 'टेम्प२', 'फायनल', 'फायनल_नवीन' अशी नावं ठोकून ती मोकळी होतात. सहा महिन्यांनी तोच कोड दुसऱ्या कुणाला उघडावा लागला की मग शिव्या सुरू. फंक्शनचं नाव सांगतंय एक आणि आतला कोड करतोय भलतंच, याच्यासारखा डोक्याला ताप नाही. नाव नसलेलं एक वेळ परवडलं, पण खोटं नाव परवडत नाही.

मराठीत तर आणखी मजा. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं आणि 'नावं ठेवणं' म्हणजे निंदा. ही दोन कामं शेजारी शेजारी राहतात हे भाषेला आधीपासूनच ठाऊक असावं :)

सरकारी इमारतींचं बारसं हा आपल्याकडचा आवडता उद्योग आहे. शाळा, दवाखाना, नाट्यगृह, पूल, उद्यान, काहीही असो, प्लास्टर वाळायच्या आत नावाचा वाद सुरू होतो. महापालिकेत यासाठी 'नाव समिती' म्हणून वेगळी समितीच असते. आणि वाद फार चिघळला की एक हमखास उपाय सापडतो. गावातले एखादे आदरणीय गुरुजी, ज्यांनी शाळा काढल्या, मुलं शिकवली, पुढे निवडून गेले आणि सभागृहात चार खरे प्रश्न विचारले, त्यांचं नाव कुणीतरी सुचवतं. कोण विरोध करणार? ठराव एकमताने मंजूर. पाटी, हार, फोटो, पेढे, संपलं.

मला खटकतो तो नेमका हा 'एकमताने'. का खटकतो ते सांगायला पुण्याच्या मंडईत जावं लागेल.

मंडई म्हणजे शुक्रवार पेठेतली महात्मा फुले मंडई. पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्यावर भरायचा. १८८० च्या दशकात नगरपालिकेने पक्कं, छप्पर असलेलं मार्केट बांधायचं ठरवलं. खर्च सुमारे तीन लाख रुपये, म्हणजे त्या काळात डोळे पांढरे होतील एवढी रक्कम. मधे अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ दिशांना फुटलेल्या पडव्या, अशी ती देखणी दगडी इमारत वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधून पुरी केली. १८८६ साली ती सुरू झाली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचं नाव पडलं 'रे मार्केट'. नगरपालिकेची कचेरीही पुढे बरीच वर्षं याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खाली भाजीचे भाव, वर गावाचे.

आता गंमत बघा. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं याच नगरपालिकेचे सभासद होते. शाळेत त्यांचं नाव आपण समाजसुधारक म्हणून पाठ केलेलं असतं, पण 'नगरपालिका सभासद जोतीराव फुले' हा माणूस आपल्याला फारसा माहीत नसतो. हा माणूस बैठकीत नुसता मान डोलवायला जात नव्हता. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून गाव सजवायला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. फुले म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. विरोधी मत एकट्या फुल्यांचं.

आणि मंडई? नगरपालिकेने या मोठ्या इमारतीचा घाट घातला, तेव्हा फुले आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी तिलाही विरोध केला. मुद्दा पुन्हा तोच. एवढा पैसा दगडात घालण्यापेक्षा शिक्षणात घाला.

म्हणजे ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला, तिच्यावरच आज त्यांचं नाव आहे. ज्या रिव्ह्यूअरने तुमचा कोड रिजेक्ट केला, त्याचंच नाव त्या मॉड्यूलला द्यावं असा हा प्रकार झाला.

तुम्ही म्हणाल, मग फुल्यांचं चुकलंच की! इमारत १४० वर्षं उभी आहे, पुण्याच्या किती पिढ्या तिथली भाजी खाऊन वाढल्या. खरं आहे, इमारत वाया गेली नाही. पण फुले बाजाराच्या विरोधात असायचं काही कारणच नव्हतं. फुलांचा धंदा करणाऱ्या माळ्याच्या घरातला हा माणूस. मांजरीला शेती केलेला आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा. भाजीवाल्याला डोक्यावर छप्पर नको असं तो कशाला म्हणेल? त्यांचा प्रश्न 'मंडई हवी की नको' हा नव्हता. 'आधी काय' हा होता. आपण दर सोमवारच्या प्लॅनिंग मीटिंगमध्ये ज्यावर भांडतो तेच. कामं सगळीच चांगली असतात, पैसा एकदाच खर्च होतो, म्हणून यादीत वर काय हे ठरवावं लागतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी मागणी केली की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते करून दाखवलं. देशभर मुलांचा हक्क म्हणून शिक्षणाचा कायदा लागू झाला तो २०१० साली. आमच्या भाषेत सांगायचं तर हे तिकीट १२८ वर्षं ओपन होतं.

बरं, मग त्यांचं नाव मंडईला लागलं कसं? इथे गोष्ट आणखी रंगते.

१९२४ साली मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. मोतीलाल नेहरूंच्या हस्ते अनावरण झालं. सरकारची नाराजी पत्करून पालिकेने हा पुतळा उभारला होता, त्यामुळे तेही धाडसच. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत प्रस्ताव मांडला की आता महात्मा फुल्यांचा पुतळा उभारू या. प्रस्ताव फेटाळला गेला. नुसता फेटाळला गेला नाही, तर त्यावरून पुण्यात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद असा पेटला की दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघालं, त्यावर खटला झाला, शिक्षा झाल्या, आणि अपिलात आरोपींच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२६ साली सगळे सुटले. पुतळा मात्र तेव्हा झाला नाही तो नाहीच.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी याच नगरपालिकेत प्रल्हाद केशव अत्रे निवडून आले. आपल्याला अत्रे म्हणजे 'मोरूची मावशी' आणि 'दहा हजार वर्षांत' एवढंच आठवतं. पण अत्रे मुळात मास्तर होते. पुण्याच्या कँपातल्या शाळेचे अनेक वर्षं हेडमास्तर, लंडनला जाऊन शिक्षकी पेशाचं शिक्षण घेऊन आलेले, 'नवयुग वाचनमाला' काढून मराठी क्रमिक पुस्तकांचा चेहरा बदलणारे. १९३० च्या दशकाच्या शेवटी या हेडमास्तरांनी नगरपालिकेत पुढाकार घेतला आणि रे मार्केटचं नाव झालं महात्मा फुले मार्केट. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं तेही अत्र्यांच्याच पुढाकाराने. पुढे १९५४ साली त्यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपटही काढला.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे. जे नाव पुतळ्यापुरतंही पुण्याला १९२५ मध्ये सोसलं नव्हतं, ते १९३० च्या दशकात गव्हर्नरचं नाव उतरवून गावच्या सगळ्यात गजबजलेल्या इमारतीवर चढवणं हे फुकटात पडणारं काम नव्हतं. नाव देणाऱ्याला त्यात स्वतःचं काहीतरी घालावं लागत होतं. पत, मैत्री, मतं, काहीही म्हणा. एक मास्तर दुसऱ्या मास्तरासाठी ते घालत होता.

आज उलटं आहे. आज फुल्यांचं नाव कशालाही द्या, एक हात विरोधात वर येणार नाही. आणि नेमकं म्हणूनच त्या ठरावाला काही किंमत उरत नाही. पूर्वी नाव देणारा द्यायचा आणि नाव घेणाऱ्याला मिळायचं. आता नाव देणाराच घेतो. इमारत बांधली ठेकेदाराने, पैसा तुमचाआमचा, आणि वर लावायला आदर आणला गुरुजींचा. पाटीवर गुरुजींचं नाव असतं, त्याच्याखाली बारीक अक्षरात (आणि बहुतेक वेळा फारशा बारीक नसलेल्या अक्षरात) उद्घाटकांची, सभापतींची, नगरसेवकांची नावं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: इमारतीला मोठ्या माणसाचं नाव देणं हा आज त्या माणसाचा सन्मान नसतो, ती त्याच्याकडून केलेली उसनवारी असते. आणि उसनं घेतलं की परत करावं लागतं.

हे अति वाटत असेल तर मुंबईच्या भुयारी मेट्रोकडे बघा. तिथे काही स्टेशनांच्या नावाआधी आता कंपन्यांची नावं आहेत. सिद्धिविनायकाच्या आधी विमा कंपनी. कंपन्या यासाठी पैसे मोजतात. का मोजतात? कारण नाव आणि इमारत एकत्र आले की एकाची पत दुसऱ्याला मिळते, हे धंदेवाल्यांना पक्कं माहीत आहे. तिथे कंपनीला स्टेशनची पत हवी असते म्हणून कंपनी बिल भरते. इथे पालिकेला गुरुजींची पत हवी असते, पण गुरुजी बिल पाठवू शकत नाहीत. ते गेलेले असतात.

उसनवारीवरून आठवलं. मुंबईतही एक महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. आपण तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतो. १८६९ साली पुरी झालेली ही इमारत मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची. हेच साहेब पुढे पुण्याला मध्य विभागाचे कमिशनर म्हणून आले आणि १८८८ साली लाचखोरीच्या आरोपात सापडले. चौकशी लावली कोणी? लॉर्ड रे यांच्या सरकारने! लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही, पण आपल्याच विभागातल्या लोकांकडून कर्जाऊ रकमा घेतल्याचं निघालं आणि साहेबांची नोकरी गेली. म्हणजे एक मार्केट चौकशी लावणाऱ्याच्या नावाचं, दुसरं ज्याची चौकशी झाली त्याच्या नावाचं, आणि पुढे दोन्हींवर नाव आलं फुल्यांचं, ज्यांचा बाजाराच्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध होता. एवढा जुळवून आणलेला योगायोग सिनेमात दाखवला तर आपण उठून जाऊ.

पण लोकांच्या तोंडी काय राहिलं ते बघा. मुंबईत क्रॉफर्ड राहिला. पुण्यात ना रे राहिला, ना फुले. पुणेकर नुसतं 'मंडई' म्हणतो. नाव बदलल्याने लोकांची जीभ बदलतेच असं नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. तुम्ही रिक्षावाल्याला 'महात्मा फुले मंडईला सोडा' असं म्हणावं अशी अपेक्षा करणं वेडेपणा आहे. नाव रोज तोंडी असणं हा कसोटीचा मुद्दाच नव्हे. नावामुळे इमारत आणि तिचा मालक, म्हणजे पालिका, कशाला बांधील झाले हा मुद्दा आहे.

अत्र्यांच्याच नावाचं बघू. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, पिंपरीलाही आहे. नाटककाराचं नाव नाट्यगृहाला, म्हणजे निदान नाव आणि काम जुळतं. 'संयुक्त महाराष्ट्रा'च्या लढ्यात १९५७ साली विधानसभेत निवडून गेलेले अत्रे आणि वाचनमालेचे अत्रे मात्र त्या पाटीत मावत नाहीत. मुंबईत वरळीला भुयारी मेट्रोचं आचार्य अत्रे चौक स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं आणि त्याच महिन्यात, २६ तारखेच्या पावसात, पाण्याने भरलं. टीव्हीवर दिवसभर काय चाललं होतं? 'आचार्य अत्रे बुडाले' छापाचे विनोद. बांधकाम कोणाचं, हलगर्जी कोणाची, आणि विनोदात नाव कोणाचं! उसनवारीत हेही येतं. वस्तू उसनी नेली आणि खराब करून ठेवली तर मालकाला उत्तर कोण देणार?

दुसऱ्या टोकाला भिडे वाडा. जिथे १८४८ मध्ये खरोखर काम झालं, ती इमारत डोळ्यांदेखत मोडकळीला आली. वर्षानुवर्षं खटले चालले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला आणि डिसेंबरमध्ये वाडा पाडण्यात आला, तिथे स्मारक करायचं म्हणून. जी इमारत नको म्हणाले ती त्यांच्या नावाने दिमाखात उभी, आणि जिथे शिकवलं ती पडून गेली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ते याहून वेगळं काय?

आता यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत.

पहिला: नावाला प्रतीक म्हणून अर्थ असतो. ज्यांना शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलं त्यांच्यातल्या माणसाचं नाव दारावर लागणं ही छोटी गोष्ट नाही. शंभर टक्के मान्य. १९३० च्या दशकातली मंडई हेच तर सांगते. २०१४ साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं तेव्हाही मला हेच वाटलं होतं. मुलींच्या पहिल्या शिक्षिकेचं नाव विद्यापीठाच्या प्रत्येक डिग्रीवर असणं, यात नाव आणि काम दोन्ही जुळतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव, तेही जुळतं. माझा विरोध नाव देण्याला नाही. नाव देऊन हात झटकण्याला आहे.

दुसरा: अशी प्रत्येक नावामागे अट लावली तर कुणी नावच देणार नाही. अहो, मग उत्तमच की! नाव कमी वेळा दिलं जाईल, पण दिलं जाईल तेव्हा विचार करून दिलं जाईल. सध्याच्या वेगाने आपण काही वर्षांत सार्वजनिक स्वच्छतागृहांपर्यंत पोहोचणार आहोत.

तिसरा: गेलेल्या माणसाची अट कोण ठरवणार? हा प्रश्न मात्र चांगला आहे. पण शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांच्या बाबतीत उत्तर वाटतं तेवढं अवघड नाही. ही माणसं बोलून गेलेली असतात. सभागृहांच्या कामकाजाच्या नोंदी असतात, निवेदनं असतात, मतं असतात. त्यांनी काय मागितलं आणि काय मिळालं नाही हे शोधायला संशोधक लागत नाही, एक दुपार आणि एक बरा ग्रंथपाल पुरतो.

तर माझी सूचना अगदी साधी आहे, एका पानात मावेल एवढी. नावाचा ठराव मांडताना त्यात तीन गोष्टी लिहिणं सक्तीचं करा. एक, या माणसाचा या इमारतीशी किंवा या कामाशी संबंध काय. आणि तो संबंध विरोधाचा असेल तर तेही, न लपवता. दोन, त्याने सार्वजनिक कामात मागितलेली आणि अजून अपुरी राहिलेली एक गोष्ट. तीन, त्या गोष्टीचा हिशोब दरवर्षी याच इमारतीच्या दारावर लावायची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची.

मंडईचं उदाहरण घेऊ. भाजी घ्यायला आलेल्याला सहज दिसेल अशा जागी चार ओळी हव्यात: नगरपालिकेचे सभासद राहिलेले जोतीराव फुले यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं, ते ऐकलं गेलं नाही, पुढे गावाने त्यांचंच नाव या इमारतीला दिलं. यात कुणाचा अपमान नाही. उलट, शेकड्यांनी पुतळ्यांच्या खाली 'थोर समाजसुधारक' एवढंच वाचून पुढे जाणारा दहावीतला पोरगा इथे दोन मिनिटं थांबेल. विरोधी मत द्यायला काय लागतं याचा धडा त्याला भाजीच्या पिशवीसकट मिळेल. पुणेकर गमतीने 'मंडई विद्यापीठ' म्हणतातच, तर एखादा वर्ग खरोखर भरू दे.

आणि दरवर्षी ११ एप्रिलला, फुले जयंतीला, हार घालून झाला की त्याच दारावर पालिकेने एक कागद लावावा. पालिकेच्या शाळांत यंदा किती मुलं आली, किती मधेच गळली, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, आणि बजेटमधला किती पैसा शाळांना गेला. चार आकडे. आलेख नको, रंगीत ब्रोशर नको, मान्यवरांचे फोटो तर मुळीच नकोत. आकडे चांगले असतील तर ताठ मानेने लावा. वाईट असतील तरी लावा, कारण नाव ज्याचं घेतलंय त्याने हेच चार आकडे विचारले असते.

याला फारसा खर्च येत नाही. एक कागद आणि थोडी चिकटपट्टी. पण तो कागद लावायचा आहे हे माहीत असेल, तर पुढच्या वेळी कुणा गुरुजींचं नाव कुठल्याशा इमारतीला द्यायचा ठराव येताना तो पट्कन एकमताने मंजूर होणार नाही. कुणीतरी हात वर करेल, कुणीतरी विचारेल की हे झेपणार आहे का आपल्याला. फुले होते तेव्हा नगरपालिकेत असा एक तरी हात वर व्हायचा.

मंडईत पूर्वी गाळ्यागाळ्यावर एक पाटी दिसायची: आज रोख, उद्या उधार. नाव समितीच्या टेबलावर ठेवायला याहून चांगली पाटी मला तरी सुचत नाही.